विष्णुभाऊंची लांब खोली

नाटक हा प्रकार मला मुळातच आवडत नाही, आणि नेमक्या याच गुणावर विष्णुभाऊ तारवाल्यांनी माझी निवड केली.

मी तेव्हा बुऱ्हाणपूरच्या शाळेत गणित शिकवत होतो. अमरावतीकडून नुकताच आलो होतो, सिंधीपुऱ्यात खोली घेऊन एकटा राहत होतो आणि संध्याकाळी राजघाटावर बसून तापीचं पाणी बघण्यापलीकडे मला उद्योग नव्हता. एका रविवारी सकाळी मी दाढी करत असताना दारात एक उंच, किडकिडीत गृहस्थ येऊन उभे राहिले. वय चाळिशीच्या पुढे, धोतर चुरगळलेलं, डोक्याला टोपी नाही. त्या काळी बोडक्या डोक्यानं लोकांच्या घरी जाणारा माणूस एक तर सुतकात असायचा, नाहीतर चक्रम.

"मास्तर, तुम्हाला नाटकं आवडत नाहीत असं ऐकलं. खरं का?"

"खरं."

"किती आवडत नाहीत?"

गणिताच्या माणसाला प्रश्न पसंत पडला. मी सांगितलं, पहिल्या अंकात जांभया येतात, दुसऱ्यात चीड येते आणि तिसऱ्या अंकापर्यंत मी घरी पोचलेला असतो.

"वा, फिर तो बातच मिटली," ते म्हणाले. "तुमच्यासारखाच माणूस शोधत होतो. तोंडाचा साबण पुसा आणि चला."

आणि मी अर्धी दाढी तशीच ठेवून गेलो. या माणसाला नाही म्हणणं किती अवघड आहे याचा तो पहिला अनुभव. पुढे हे अनेकांना महाग पडलं, त्यांना स्वतःलाही.

राजपुरा दरवाज्याच्या अलीकडे एका गल्लीत तारवाल्यांचा जुना कारखाना होता. रेशमावर गुंडाळायची सोन्या-चांदीची तार त्यांच्या घरात चार पिढ्या ओढली जात होती. मग बाहेरचा स्वस्त, चकचकीत माल आला, धंदा बसला, भाऊबंद पांगले आणि विष्णुभाऊंच्या वाट्याला फक्त ती इमारत राहिली. इमारत म्हणजे एकच खोली, पण आगगाडीच्या फलाटासारखी लांब, कारण तार ताणायला लांबी लागते. बारीक तार डोळ्यांना नीट दिसावी म्हणून छतात काचा बसवलेल्या होत्या, त्यामुळे दुपारी आत लख्ख उजेड. या खोलीत विष्णुभाऊंनी नाटकं सुरू केली. दरवाजावर त्यांनी 'नाट्यप्रयोगशाळा' अशी पाटी लावली होती. गावानं ती वाचली आणि खोलीला 'लांब खोली' म्हणायचं ठरवलं.

तिथे पडदा नव्हता, दिवे नव्हते, रंगरंगोटी नव्हती, पेटी-तबला नव्हता. नाटक रविवारी दुपारी, उन्हाच्या उजेडात. लोक तीन बाजूंनी सतरंज्यांवर बसत, नटांना हात लावता येईल इतक्या जवळ. बायकांची कामं बायकाच करत, आणि तीही कोणी नटी नव्हे, तर मुलींच्या शाळेतल्या शेवंताबाई मास्तरीण आणि एक सुईण. यावरून गावात जो काही गहजब व्हायचा तो माझ्या येण्याआधीच होऊन गेला होता. मी आलो तेव्हा गाव विष्णुभाऊंना वेडा ठरवून निवांत झालं होतं, आणि वेडा ठरवल्यावर बघायला यायला हरकत नव्हती.

खरी गंमत पुढेच होती. तिथे नाटककार नव्हता. गावातल्या, आसपासच्या जित्या माणसाची घडलेली गोष्ट हेच नाटक. विष्णुभाऊ त्या माणसाकडे जात आणि गोष्ट तीन वेळा ऐकत. तीन वेगळ्या दिवशी, मध्ये काही दिवस जाऊ देऊन. उकिडवे बसून ऐकत. खुर्चीवर बसून गोष्ट ऐकली तर ती साहेबाला सांगितल्यासारखी सांगतात, असं त्यांचं म्हणणं.

गणपत साळ्याकडे मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. गणपतचा बाप गिरणीत मेला होता. पहिल्यांदा सांगताना गणपत ढसाढसा रडला. दहा दिवसांनी दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा रडणं गेलं आणि मालकावरचा राग आला. तिसऱ्या वेळेला तो रडलाही नाही, रागावलाही नाही, बापाची एक चप्पल सापडलीच नाही एवढंच सांगत बसला. कुठे कुठे शोधली, कोणाला विचारलं, शेवटी दुसरीचं काय केलं.

परत येताना विष्णुभाऊ म्हणाले, "पहिल्यांदा माणूस लोकांना पाहिजे ते सांगतो, मास्तर. दुसऱ्यांदा स्वतःला पाहिजे ते सांगतो. झालेलं असतं ते तिसऱ्यांदा कुठे बाहेर येतं."

प्रयोगाच्या दिवशी ज्याची गोष्ट त्याला बसायला सगळ्यांच्या पुढे एक खुर्ची. अख्ख्या खोलीत खुर्ची तेवढीच. तहसीलदार आले तरी सतरंजीवर. त्या खुर्चीला सगळे पहिली खुर्ची म्हणत, दुसरी नसतानाही. आणि नियम असा, की त्या खुर्चीतला माणूस नाटक चालू असताना उभा राहिला, की घंटा वाजायची आणि नाटक तिथल्या तिथे थांबायचं. वाक्य अर्धं असलं तरी. मग त्याला काय म्हणायचं ते तो सगळ्यांसमोर म्हणणार, आणि पुढे चालू द्यायचं की नाही हेही तोच ठरवणार.

घंटेची दोरी माझ्या हातात. त्यासाठीच मला अर्ध्या दाढीनिशी उचलून नेलं होतं.

"नाटकाची आवड असलेला माणूस दोरी ओढायला कचरतो," विष्णुभाऊंनी मला समजावलं. "आता रंगात आलंय, एवढं होऊ द्या, असं त्याला वाटतं. तुम्हाला नाही वाटणार."

"पण एवढं रंगात आलेलं बंद कशाला करायचं?" मी विचारलं.

"शेजारून भांडं मागून आणलं मास्तर, आणि ती बाई दारात येऊन उभी राहिली, तर आत माझी भाजी शिजते आहे म्हणून तिला परत पाठवणार का? भांडं तिचं आहे."

बोलताना त्यांचा अंगठा आणि तर्जनी सारखी चालू असायची. समोर दोरा, सुतळी, उपरण्याचा काठ, काहीही आलं की ते दोन बोटांत धरून हळूहळू सरकवत न्यायचे. घराण्याची सवय, तार कुठे जाड-बारीक आहे ते बोटांना कळतं. एकदा शाळेच्या समारंभात हेडमास्तरांच्या गळ्यातल्या हाराचा दोरा त्यांनी असा तपासला आणि "इथे तुटेल" असं सांगितलं. तो तिथेच तुटला. हेडमास्तर पुढे महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, जणू बोटं माझीच होती.

सरकारचा त्रास व्हायचा तो झालाच. एकदा हुकूम आला की नाटकाची वही आधी दाखवून मंजुरी घ्या. विष्णुभाऊंनी कळवलं, वही नाही. मग रामदीन नावाचा एक लिहिणारा शिपाई पाठवला गेला. त्यानं नाटकात जे बोललं जाईल ते सगळं उतरवून न्यायचं होतं. बिचारा मांडी घालून दौत-टाक घेऊन बसला. दोन वाक्यं झाली की हात वर.

"जरा धीरे बोलिए. 'मेरे भाई ने' के आगे क्या कहा?"

दुसरा कोणी चिडला असता. विष्णुभाऊंनी नटांना सांगितलं, साहेब लिहितायत, पुन्हा म्हणा. शेवंताबाईंना एक हुंदका तीन वेळा द्यावा लागला, कारण हुंदका कसा लिहायचा ते रामदीनला ठरवता येईना. लोक हसून बेजार. पण तिसऱ्या वेळी रामदीनच हुंदका लिहायचा विसरून नुसता बघत राहिला. त्यानं वर पाठवलेला अहवाल आम्हाला नंतर कळला. 'सरकार के खिलाफ कुछ नहीं. एक औरत का दुख है.' दोनेक महिन्यांनी तो वर्दी न घालता आला आणि विष्णुभाऊंना म्हणाला, मला पण काही सांगायचं आहे.

माझी घंटा पहिल्यांदा वाजली ती सोनाबाईच्या नाटकाला. सोनाबाई तापीकाठच्या एका खेड्यातली, केळीच्या बागेत राबणारी, उन्हानं काळवंडलेली पन्नाशीची बाई. शेताच्या बांधावरून तिचं आणि तिच्या भावाचं बोलणं तुटलं होतं, आणि भाऊ गेला तेव्हा ती पोचेपर्यंत त्याला तिरडीवर घेतलं होतं. तिची भूमिका करणाऱ्या शेवंताबाईंनी त्या प्रसंगाला ऊर बडवून टाहो फोडला. माझ्या बाजूच्या दोन बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या. आणि सोनाबाई उभी राहिली.

मी दोरी ओढली. मला कसलाही संकोच वाटला नाही. उलट एका अंकातून सुटका झाली म्हणून बरंच वाटलं.

विष्णुभाऊ येऊन तिच्यासमोर उकिडवे बसले. "काय झालं, मावशी?"

"मी रडली नव्हती भाऊ," सोनाबाई म्हणाली. "मले रडूच आलं नही. तेच तर माझं दुखणं आहे. आन् तुम्ही तिले रडवून राहिले."

विष्णुभाऊंनी लोकांपुढे हात जोडले, चूक आमची आहे, आजचं नाटक संपलं, असं सांगितलं आणि सगळ्यांना घरी पाठवलं. मला वाटलं होतं हा माणूस आता चार दिवस तोंड लपवील. तर तो राजघाटापर्यंत माझ्याबरोबर जवळजवळ नाचत आला.

"पाहिलं मास्तर? तीनदा ऐकूनसुद्धा आपल्याला कळलं नव्हतं. तिनं समोर पाहिलं, तेव्हा तिलाही कळलं आणि आपल्यालाही."

महिन्याभरानं तेच नाटक पुन्हा झालं, न रडता. शेवंताबाई फक्त भावाच्या पायाशी उभ्या राहिल्या आणि त्याच्या धोतराला लागलेली माती झटकत राहिल्या. मी नाटक न आवडणारा माणूस. मलासुद्धा त्या दिवशी जेवण गेलं नाही.

एवढं सगळं मी कौतुकानं सांगतो आहे, कारण मला त्यांचं कौतुक होतं. आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला आवडत नाही.

विष्णुभाऊंचं घर कारखान्याच्या मागेच होतं. घरात ते आणि रुक्मिणीवहिनी दोघंच. वहिनी प्रयोगाच्या दिवशी सगळ्यांचा चहा करायच्या, किटली लांब खोलीच्या दाराशी आणून ठेवायच्या आणि परत जायच्या. उंबऱ्याच्या आत त्यांनी पाऊल टाकलेलं मी पाहिलं नव्हतं. मला वाटे, जुन्या वळणाची बाई, आवडत नसेल. खरं कारण मला शेवंताबाईंनी सांगितलं. विष्णुभाऊंना छबू नावाची सहा वर्षांची मुलगी होती. लांब खोलीतलं पहिलं नाटक बसत होतं तेव्हा तिला ताप आला. तिसऱ्या दिवशी दुपारी घरून निरोप आला, लगेच या. विष्णुभाऊ म्हणाले, एवढा प्रवेश झाला की आलोच. कारखान्याच्या मागच्या दारातून घर चाळीस पावलांवर. ते पोचले तेव्हा छबूला जमिनीवर घेतलेलं होतं.

त्यांनी स्वतः हा विषय माझ्याजवळ एकदाच काढला. लालबागेच्या रस्त्यानं आम्ही परत येत होतो.

"शेवटपर्यंत माझं नाव घेत होती, मास्तर. बाबा, बाबा करत गेली."

"वहिनी म्हणाल्या?"

"नाही. ती काही बोलली नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या."

आपल्याकडे असं म्हणायची रीतच आहे. कोणी गेलं की उशिरा आलेल्याला सांगायचं, तुमचीच आठवण काढत होते हो. म्हणणारी बाई तेव्हा तिथे असायलाच हवी असं नाही. सांत्वन म्हणून म्हणतात, आणि ऐकणाराही ते तेवढ्यापुरतंच घेतो. विष्णुभाऊंनी ते वाक्य उशाशी घेऊन चार वर्षं काढली होती, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या हिवाळ्यात नागपूरहून काही जाणकार मंडळी लांब खोली बघायला येणार असं ठरलं. इंदूरच्या दरबाराशी संबंध असलेले एक गृहस्थही येणार होते. विष्णुभाऊंना आजवर केलेलं एकही नाटक त्यांच्यापुढे ठेवावंसं वाटेना. एक दिवस शाळा सुटताना फाटकाशी येऊन उभे राहिले.

"छबूचं करतोय."

मी म्हणालो, "वहिनींना विचारलंत?"

"विचारलं. तुमची मर्जी, म्हणाली. पहिल्या खुर्चीत बसायला येते म्हणाली."

"त्यांच्याकडून ऐकलंत? तीन वेळा?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी काही अडाण्यासारखं विचारलं. "मास्तर, अहो, माझ्या घरात घडलेली गोष्ट आहे. ती मी कोणाकडून ऐकायची?"

जो माणूस गणपत साळ्याच्या बापाच्या चपलेसाठी तीन खेपा घालतो, तो स्वतःच्या बायकोपुढे एकदाही उकिडवा बसला नाही. आणि 'तुमची मर्जी' म्हणजे काय, हे न कळण्याइतकं त्यांना मराठी कमी येत नव्हतं. हे सगळं मला तेव्हा दिसलं होतं. मी ते बोललो नाही. त्यांच्या चेहऱ्यावर इतका उत्साह होता की माझा धीर झाला नाही, हे माझं समर्थन. त्याला फारसा अर्थ नाही, हे मलाही कळतं.

त्या रविवारी खोली खच्चून भरली. पाहुणे पुढे सतरंजीवर, गावातले विणकर, मास्तर, दुकानदार मागे. रुक्मिणीवहिनी हिरवं लुगडं नेसून आल्या आणि पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आल्या. कोणाकडे न बघता खुर्चीत बसल्या. मी घंटेपाशी.

बापाचं काम विष्णुभाऊ स्वतः करत होते, आईचं शेवंताबाई. मुलगी नव्हतीच, नुसती एक रिकामी बाज. मी एक कबूल करून टाकतो. मी आयुष्यात एकदाच नाटकात रमलो, ते याच नाटकात. हा बाप एका बाजूला नटांवर ओरडतोय, हात असा नको, तसा धर, आणि दुसऱ्या बाजूला ती बाई बाजेवर ओल्या पट्ट्या बदलतेय. मध्ये चाळीस पावलं रिकामी, आणि वरच्या काचांतून ऊन त्या रिकाम्या जागेवर पडलेलं. निरोप येतो, बाप म्हणतो आलोच, आणि पुन्हा हात दाखवायला वळतो. खोलीतल्या प्रत्येकाला वाटत होतं, उठून त्याला ओढत न्यावं.

मग तो पोचला. शेवंताबाईंनी मान वर केली आणि म्हणाल्या, "शेवटपर्यंत बाबा, बाबा करत होती."

रुक्मिणीवहिनी उभ्या राहिल्या.

विष्णुभाऊंनी त्यांना पाहिलं. त्या दोघांत चार हातांचं अंतर असेल. त्यांचं वाक्य सुरू व्हायचं होतं, ते क्षणभर थांबले, आणि मला वाटलं आता हे स्वतःच हात जोडतील. त्यांनी हात जोडले नाहीत. त्यांनी गुडघे टेकले, बाजेच्या दोरीवर डोकं ठेवलं आणि बोलायला लागले. माझ्या हातात दोरी होती. मी वहिनींना पाहिलं होतं, स्पष्ट पाहिलं होतं. मला फक्त दोरी खाली ओढायची होती. मी ओढली नाही, कारण मला पुढचं ऐकायचं होतं.

ते बोलत राहिले. आपल्या अपराधाचं, त्या चाळीस पावलांचं, त्या हाकेचं. मोठे मोठे लोक रडत होते. नागपूरचे एक गृहस्थ चष्मा काढून बसले होते. पाव तास तरी ते चाललं असेल, आणि तेवढा वेळ वहिनी उभ्या होत्या. बसल्या नाहीत, बोलल्या नाहीत. नाटक संपलं तशा मागच्या दारानं निघून गेल्या.

पाहुणे फराळाला घरी आले तेव्हा पोहे तयार होते. वहिनींनी सगळ्यांना वाढलं. इंदूरच्या गृहस्थांनी त्यांना नमस्कार करून सांगितलं की आपल्या उभं राहण्यानं तर कळस झाला, ते आधीच ठरवलेलं होतं का? वहिनींनी त्यांना आणखी पोहे हवेत का ते विचारलं.

नागपूरच्या वर्तमानपत्रात लांब खोलीबद्दल रकानाभर स्तुती छापून आली. आणि बुऱ्हाणपुरात त्या खुर्चीत बसायला परत कोणी आलं नाही.

भांडण नाही, बहिष्कार नाही. विष्णुभाऊ कोणाच्या दारात गेले की लोक पाट द्यायचे, चहा द्यायचे, पिकापाण्याचं बोलायचे. गोष्टीचं काढलं की कोणाला काही आठवायचं नाही. रामदीनची गोष्ट दोनदा ऐकून झाली होती; तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "छोड़िए साहब, पुरानी बात है." शेवटी गणपत साळ्यानं तोंडावर सांगितलं. मी बरोबर होतो.

"भाऊ, रागावू नका. घरच्या माणसासाठी घंटा वाजली नही, तर आमच्यासाठी कायले वाजंल?"

विष्णुभाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. तुम्ही का नाही ओढलीत, असं त्यांनी मला कधी विचारलं नाही, आणि तुम्ही का नाही थांबलात, असं मी त्यांना विचारलं नाही. दोघांनाही उत्तर माहीत होतं. आमची राजघाटावरची बैठक हळूहळू बंद झाली. भेटलो की प्रकृतीची चौकशी करायचो. युद्ध सुरू झालं, दोन हंगाम खोली बंद राहिली आणि मग एका जिनिंगवाल्यानं तिथे कापसाच्या गासड्या ठेवायला सुरुवात केली. पाटी बराच काळ तशीच होती.

माझी खंडव्याला बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला मी राजपुऱ्यात गेलो. दुपारची वेळ होती. विष्णुभाऊ ओसरीवर पेपर वाचत होते, केस पांढरे झालेले. वहिनी समोर सुपात लाल मिरच्या घेऊन देठं खुडत होत्या. बदलीचं, नव्या शाळेचं बोलणं झालं. चहा झाला. आता उठायचं, आणि मग आयुष्यात पुन्हा संधी येणार नाही, हे मला कळत होतं.

"वहिनी," मी म्हणालो, "त्या दिवशी तुम्ही उभ्या राहिलात. मी घंटा वाजवायला पाहिजे होती. मला दिसलं होतं. चुकलं माझं."

पेपरमागे काहीच हालचाल झाली नाही.

वहिनींनी एक देठ खुडलं, बाजूला टाकलं. "मला बघवलं नाही म्हणून मी उठले, असं तुम्हाला वाटलं का मास्तर?"

"हो. सगळ्यांनाच तसं वाटलं."

"बघवत होतं मला. मी तर प्रत्यक्ष बघितलेलं." त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता. "ते तसं झालं नव्हतं, म्हणून उठले. छबू बाबा म्हणाली नव्हती. तिनं यांचं नावसुद्धा घेतलं नाही."

पेपर खाली आला. विष्णुभाऊंचं तोंड उघडं होतं. छबूला जाऊन दहा वर्षं होऊन गेली असतील, आणि एवढ्या वर्षांत या दोन माणसांत हे पहिलंच वाक्य झालं असावं.

"मग काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

वहिनी मिरच्या चाळत राहिल्या. मग त्यांच्याकडे न बघता, मलाच सांगावं तसं म्हणाल्या, "घंटा वाजली असती तर सांगणार होते. तेवढ्यासाठी तर आत आले होते. त्या दिवशी सगळ्यांदेखत सांगितलं असतं."

"आता सांग," विष्णुभाऊ म्हणाले.

वहिनींनी सूप उचललं, देठं गोळा केली आणि त्या आत गेल्या. विष्णुभाऊ उठले. पेपर पायावरून घसरून खाली पडला तो त्यांनी उचलला नाही. ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि तिथे थांबले. आत जायला कोणी मनाई केली नव्हती.

"छबू काय म्हणाली होती?" त्यांनी पुन्हा विचारलं. आतून फक्त हातावर पाणी घेतल्याचा आवाज आला.

मी चपला घातल्या आणि निरोप न घेताच निघालो. गल्लीच्या तोंडाशी येऊन मागे पाहिलं. दारातून ओसरी दिसत होती आणि तिच्या पलीकडे त्यांची पाठ. ते अजून तिथेच उभे होते.